विश्लेषण : फवारणीतल्या विषबाधेचा नवा कोड कोणता? रुग्णालयांचे सॉफ्टवेअर बदलण्याआधी चाचणी यवतमाळच्या नोंदींवर का हवी?

आजारांची जागतिक संकेतावली बदलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी-११’ ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. जुन्या आयसीडी-१० वरून नव्या पद्धतीकडे जाण्यासाठी देशांना किमान पाच वर्षांची मुभा देण्यात आली. भारतात मृत्यूच्या कारणांचे आजवरचे अधिकृत अहवाल आयसीडी-१० नुसार निघाले आहेत. आज ना उद्या रुग्णालयांचे संगणक, मृत्यूच्या नोंदी आणि आरोग्य योजना नव्या कोडवर जातील. त्या वेळी ‘सॉफ्टवेअर चालते का’ एवढेच तपासून भागेल का? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले, ते पाहता भागणार नाही.

यवतमाळमध्ये तेव्हा काय घडले होते?

जुलै ते ऑक्टोबर २०१७ या काळात कपाशीवर कीटकनाशक फवारणारे शेतकरी आणि शेतमजूर उलट्या, चक्कर, धूसर दृष्टी, श्वास कोंडणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येऊ लागले. शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या होत्या, बॅटरीवरचे पंप बारीक तुषार उडवत होते आणि दमट उन्हात तोंडाला रुमाल बांधून काम सुरू होते. सरकारने विशेष तपास पथक नेमले. काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधा ओळखण्यासाठी लागणारी कोलिनएस्टरेझ ही रक्ततपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध नसल्याचा मुद्दाही त्या वेळी गाजला.

पहिला रुग्ण आला तेव्हा ती एक केस होती. दहावा आला तेव्हाही वॉर्डातल्या डॉक्टरांसाठी त्या दहा स्वतंत्र केसच होत्या. जिल्ह्याला धोक्याची जाणीव व्हायची तर या केस कुठेतरी एकाच नावाखाली मोजल्या जायला हव्यात. आजाराचा कोड असतो तो यासाठी.

एक्स-४८ की एक्स-६८?

आयसीडी-१० मध्ये कीटकनाशकाच्या विषबाधेला दोन कोड लागतात. पहिला शरीरात काय झाले ते सांगतो, तो ‘टी-६०’. त्यात टी-६०.० म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट, टी-६०.२ म्हणजे इतर कीटकनाशके, टी-६०.३ म्हणजे तण आणि बुरशीनाशके, आणि टी-६०.९ म्हणजे कोणते ते माहीत नाही. दुसरा कोड हे कसे घडले ते सांगतो. अपघाताने झाली तर एक्स-४८, स्वतःहून विष घेतले तर एक्स-६८, दुसऱ्याने दिले तर एक्स-८७ आणि हेतू कळला नाही तर वाय-१८.

एक्स-४८ आणि एक्स-६८ यांत फरक फक्त एका आकड्याचा. यवतमाळची ओळख मात्र वर्षानुवर्षे शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा अशी आहे. त्यामुळे कीटकनाशकाची केस आली की ती ‘प्राशन केल्याची’ असणार, हा समज आधीच मनात तयार असतो. केसपेपरवर घाईत ‘ओपी पॉयझनिंग’ इतकेच लिहिलेले असेल, तर कोड टाकणारा माणूस हेतूचा अंदाज बांधणार. सॉफ्टवेअरने यादीत एखादा पर्याय आधीच निवडून ठेवला असेल, तर तो अंदाज यंत्रच बांधून देणार.

याने काय बिघडते? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. त्यात कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा बसते, आत्महत्या बसत नाही. आत्महत्याग्रस्त कुटुंबाची मदत वेगळी, एक लाखाची, आणि तिचे निकष वेगळे. अर्थात हे पैसे आयसीडी कोड पाहून मिळत नाहीत. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि महसूल यंत्रणेची चौकशी यांवर निर्णय होतो. कोड चुकला म्हणून एखाद्या विधवेचा अर्ज थेट फेटाळला जाईल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. कोड चुकल्याने बिघडते ती बेरीज. फवारणीतले बळी आत्महत्येच्या रकान्यात गेले, तर कागदावर फवारणीचा प्रश्नच उरत नाही. मग संरक्षक किट, पंपांची तपासणी, औषधांवरील निर्बंध यांची मागणी कोणत्या आकड्यावर करायची?

आयसीडी-१० मध्ये आणखी एक सोय आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. बाह्य कारणाच्या कोडला चौथा अंक जोडून घटनेची जागा सांगता येते आणि त्यात सात म्हणजे शेत. ‘एक्स-४८.७’ एवढे लिहिले की ‘शेतात, अपघाताने, कीटकनाशकामुळे’ हे सगळे त्यात आले.

आयसीडी-११ मध्ये नेमके काय बदलते?

नव्या पद्धतीत केवळ अंक बदललेले नाहीत, रचनाच वेगळी आहे. जुना कोड इंग्रजी अक्षराने सुरू होई आणि पुढे अंक असत. नव्या कोडचे दुसरे स्थान नेहमी अक्षराचे आणि तिसरे अंकाचे आहे. पटकीचा जुना कोड ए-००, नवा १-ए-००. शून्य आणि एक या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरे वगळली आहेत. जुन्या पद्धतीत सगळा तपशील एका कोडमध्ये कोंबावा लागे. नव्यात एक मुख्य कोड घेऊन त्याला पदार्थ, जागा, तीव्रता, बाजू असे जोडकोड लावता येतात. तिरपी रेघ आणि ‘अँड’चे चिन्ह यांनी ते एकमेकांना जोडले जातात. फवारणीच्या विषबाधेत शरीरावरील परिणाम, अपघात की हेतुपुरस्सर, आणि नेमका कोणता पदार्थ, अशी साखळीच तयार होते.

हे चांगले आहे, यात शंका नाही. २०१७ मध्ये चर्चेत आलेली कीटकनाशके एकाच गटातली नव्हती. काही ऑरगॅनोफॉस्फेट होती, काही नव्हती, आणि शेतात दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याची रीत जुनी आहे. अशा मिश्रणाची नोंद जोडकोडांनी अधिक नेमकी होऊ शकते. मात्र साखळीतला प्रत्येक दुवा कुणीतरी भरायचा आहे. जुन्या ‘एक्स-४८.७’ मधला तो सात नव्या पद्धतीत वेगळा जोडकोड होऊन यायला हवा. फक्त मुख्य कोडांची अदलाबदल करणारा तक्ता वापरला, तर शेत तिथेच गळून पडेल आणि सॉफ्टवेअर कोणतीही चूक दाखवणार नाही.

सिकलसेलचे उदाहरण अधिक बोलके आहे. विदर्भातील आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. आयसीडी-१० मध्ये सिकलसेल म्हणजे डी-५७. त्यात डी-५७.० हा ‘क्रायसिस’चा, म्हणजे असह्य वेदनांचा झटका आलेल्या रुग्णाचा कोड, आणि डी-५७.३ हा निव्वळ वाहकाचा. आयसीडी-११ मध्ये सिकलसेल ३-ए-५१ झाला. तिथे ३-ए-५१.० म्हणजे वाहक आणि क्रायसिस गेला ३-ए-५१.२ वर. एखाद्या प्रोग्रामरने ‘पुढचा भाग बदला, बिंदूनंतरचा अंक तसाच ठेवा’ असा सोपा नियम लिहिला, तर झरी जामणीहून झटका येऊन भरती झालेला मुलगा संगणकात निरोगी वाहक ठरेल. दोन्ही कोड अस्तित्वात आहेत, दोन्ही वैध आहेत. यंत्राच्या दृष्टीने सारे आलबेल.

एक्सेलची अडचण काय?

जिल्ह्याचे अहवाल कोणत्याही पोर्टलवर असोत, मधल्या टप्प्यात कुठेतरी एक्सेलची फाइल असतेच. आयसीडी-११ मध्ये विषाणूजन्य तीव्र काविळीचा कोड आहे १-ई-५०, मधले अक्षर इंग्रजी ‘ई’. हा कोड सलग टाइप केला की एक्सेलला वाटते, ही प्रचंड मोठी संख्या आहे, एकावर पन्नास शून्ये. तो लगेच तिचे रूप बदलतो. कांजिण्यांच्या १-ई-९० चेही तेच. फाइल सेव्ह करून पुन्हा पोर्टलवर चढवली की कोड ओळखला जात नाही. म्हणजे पावसाळ्यात एखाद्या गावात दूषित पाण्याने काविळीची साथ आली, तर नेमक्या त्याच नोंदी परत येण्याची किंवा गळण्याची शक्यता. जुन्या कोडची सुरुवात अक्षराने होत असल्याने हा त्रास फारसा नव्हता.

जोडकोडांच्या चिन्हांचाही असाच घोळ होऊ शकतो. ‘अँड’चे चिन्ह वेबवरील अनेक व्यवहारांत विशेष अर्थाने वापरले जाते, त्यामुळे दोन प्रणालींमध्ये माहिती जाताना तिथेच कोड तुटू शकतो. जुन्या डेटाबेसमध्ये कोडसाठी पाच-सहा अक्षरांची जागा ठेवलेली असेल, तर लांब साखळीची शेपूट कापली जाईल. या चुका शोधायला आरोग्यतज्ज्ञ लागत नाही, चिकाटी असलेला परीक्षक लागतो. त्यामुळे त्या पहिल्याच आठवड्यात निघतात. खरी अडचण वर सांगितलेल्या, न दिसणाऱ्या चुकांची आहे.

अमेरिकेच्या अनुभवातून काय घ्यावे?

अमेरिकेने आयसीडी-९ वरून आयसीडी-१० वर जाण्याची तारीख २०१३, मग २०१४ अशी ढकलत अखेर १ ऑक्टोबर २०१५ ला बदल केला. निदानाचे कोड १४ हजारांच्या आसपास होते, ते ६८ हजारांच्या घरात गेले. सरकारी मेडिकेअर योजनेने त्याआधी जानेवारी, एप्रिल आणि जुलै अशा तीन फेऱ्यांत रुग्णालयापासून पैसे मंजूर होईपर्यंतचा संपूर्ण प्रवास तपासला. जानेवारीत सुमारे १५ हजार चाचणी दाव्यांपैकी ८१ टक्के स्वीकारले गेले, एप्रिलमध्ये ८८ आणि जुलैत ८७ टक्के. नाकारलेल्यांपैकी नव्या कोडमुळे अडलेले थोडेच होते. बहुतेक दावे चुकीची तारीख, चुकीचा ओळख क्रमांक अशा साध्या कारणांनी परत आले. प्रत्यक्ष बदलानंतरच्या पहिल्या महिन्यात अवैध नव्या कोडमुळे नाकारलेल्या दाव्यांचे प्रमाण ०.०९ टक्के इतकेच निघाले.

यश मोठे होते आणि त्याचे श्रेय नियोजनाला द्यायलाच हवे. पण तिथे मोजले काय गेले, तर दावा ‘स्वीकारला’ गेला की नाही. कोड वैध होता का, एवढाच तो प्रश्न. तो त्या रुग्णासाठी बरोबर होता का, हा प्रश्न वेगळा. शिवाय अमेरिकेत रुग्णालयाचे पैसे कोडवर अवलंबून असल्याने प्रत्येक रुग्णालयात प्रशिक्षित कोडर आहेत आणि चुकीचा कोड खिशाला झोंबतो. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात कोड चुकला तर कुणाचाही पगार थांबत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे पैसे उपचारांच्या पॅकेजवर मिळतात, त्यांचे कोड निराळेच. पुणे-मुंबईत बसून शेकडो मराठी मुले-मुली अमेरिकी रुग्णांच्या केसपेपरना अचूक कोड लावतात. त्यांच्या गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयातले केसपेपर मात्र रेकॉर्ड रूममधील एकट्या कर्मचाऱ्याच्या, किंवा ड्युटी संपवून घरी निघालेल्या इंटर्नच्या हाती असतात. तेव्हा अमेरिकेची चाचणी-योजना उचलून इथे लावली तर ती नेमकी आपल्या दुबळ्या जागेला चुकवून जाईल.

मग चाचणीची योजना कशी असावी?

सॉफ्टवेअर पुरवठादार चाचणीसाठी नमुना रुग्ण तयार करतात. त्या रुग्णांना मधुमेह असतो, रक्तदाब असतो, हाड मोडलेले असते. त्यांचे निदान पूर्ण वाक्यात, शुद्ध इंग्रजीत लिहिलेले असते. असे रुग्ण कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट बसतात. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येणारा रुग्ण तसा नसतो. त्याला कुठले औषध लागले हे माहीत नसते, डबा शेतातच राहिलेला असतो. त्याला रात्री काहीतरी चावलेले असते आणि केसपेपरवर ‘अननोन बाइट’ लिहिलेले असते.

म्हणून चाचणीची सामग्री जुन्या खऱ्या केसपेपरमधूनच घ्यावी. नावे, गावे आणि ओळखीच्या खुणा झाकून पाचशे केसपेपर पुरेसे होतील. ते सोळाही तालुक्यांतले असावेत. त्यातले निम्मे तरी अवघड असावेत : फवारणी आणि प्राशन यांची सीमारेषा अस्पष्ट असलेले, मिश्र औषधांचे, सर्पदंशाचे, सिकलसेलचे, बाळंतपणात गुंतागुंत झालेले आणि ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असे निरर्थक कारण लिहिलेले मृत्यूचे दाखले. हे पाचशे कागद दोन जाणकारांनी, एकमेकांचे न पाहता, हाताने नव्या कोडमध्ये लिहावेत. जिथे दोघांचे जुळणार नाही तिथे तिसऱ्याने, वॉर्डातल्या डॉक्टरला विचारून, निर्णय द्यावा. ही झाली उत्तरपत्रिका. सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी ती तयार हवी, कारण यंत्राचे उत्तर समोर आले की माणूस त्यालाच मान डोलावतो.

मगच सॉफ्टवेअर आणावे आणि ते तालुक्याच्या रुग्णालयात, तिथल्याच संगणकावर, तिथल्याच कर्मचाऱ्याच्या हाती द्यावे. पुण्यातील प्रशिक्षण सभागृहात नव्हे. वीज गेली, नेट तुटले, रांगेत चाळीस माणसे आहेत अशा वेळी तो कर्मचारी कोणता पर्याय निवडतो, हे पाहायला हवे. गर्दीच्या वेळी तो यादीतला पहिला पर्याय किंवा ‘अनिर्दिष्ट’ निवडणार, हे उघड आहे. दोष त्याचा नाही. यादीत काय पहिले ठेवले, हा सॉफ्टवेअरचा निर्णय आहे आणि तोही तपासायचा आहे. ‘अनिर्दिष्ट’ कोडांचे प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा वाढले, तर चाचणी नापास धरावी. विषबाधेचा हेतू सॉफ्टवेअरने स्वतःहून भरला, तर एकाच केससाठीही नापास धरावी. सरासरी ९५ टक्के अचूकता हा निकष इथे फसवा ठरतो, कारण उरलेल्या पाच टक्क्यांत नेमके फवारणीचे रुग्ण असू शकतात.

नवे-जुने दोन्ही कोड एकाच वेळी टाकण्याचा काळही ठेवावा लागेल. कामाचा बोजा वाढेल, तक्रारी येतील. पण तो काळ निदान एक पूर्ण खरीप तरी असावा. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. त्याची नोंद बंधनकारक करावी, असे केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सुचवले आहे. कोड बदलल्यानंतरच्या वर्षी जिल्ह्यातील सर्पदंश तिसऱ्या हिश्शाने घटलेले दिसले, तर ते प्रबोधनाचे यश मानायचे की जोडकोड न टाकल्याचा परिणाम? दोन्ही कोड शेजारी नसतील तर याचे उत्तर कुणालाही देता येणार नाही, आणि प्रतिविषाचा साठा मात्र त्या घटलेल्या आकड्यावर ठरेल.

हे जिल्ह्याने का करावे?

सॉफ्टवेअर दिल्लीत किंवा मुंबईत बनते, कोडचा तक्ता जिनिव्हाहून येतो, मग यवतमाळने त्यात का पडावे, हा आक्षेप रास्त वाटतो. आयसीडीच्या प्रशिक्षणाची जबाबदारी केंद्राच्या सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्सकडे आहेच. जुन्या-नव्या कोडांचे तक्ते आणि शोधयंत्र जागतिक आरोग्य संघटनाच मोफत देते. स्थानिक पातळीवर नव्याने काही शोधण्याची गरज नाही, हेही खरे. पण वरच्या पातळीवरची चाचणी देशभराच्या सरासरीवर होते आणि त्या सरासरीत कपाशीवरची फवारणी हा किरकोळ तपशील असतो. जिनिव्हाच्या शोधयंत्राला ‘अननोन बाइट’ कळते का, ‘ओपी’ टाइप केल्यावर ते ऑरगॅनोफॉस्फेट दाखवते की बाह्यरुग्ण विभाग, हे तपासण्याची गरज दिल्लीला वाटणार नाही. ती यवतमाळला, वर्ध्याला, अमरावतीला वाटेल. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला हे काम देता येईल. तिथे विद्यार्थी आहेत, केसपेपर आहेत आणि २०१७ मध्ये वॉर्डात असलेले लोकही कदाचित असतील.

बदलाची तारीख कोणती?

जुलै ते ऑक्टोबर नको, एवढे निश्चित. फवारणी, सर्पदंश, कावीळ, डेंग्यू हे सगळे त्याच महिन्यांत येते आणि नव्या सॉफ्टवेअरवर हात बसायला काही आठवडे लागतातच. मृत्यूची आकडेवारी कॅलेंडर वर्षानुसार निघते, त्यामुळे १ जानेवारी सोयीची आहे. त्या दिवशी जुन्या कोडचा रकाना पुसून टाकू नये, आणि त्याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा : डॉक्टरने केसपेपरवर लिहिलेले मूळ शब्द, जसेच्या तसे. पुढे कोड चुकल्याचे लक्षात आले तर ‘फवारणी करताना चक्कर येऊन पडला’ या ओळीवरून तो दुरुस्त करता येईल.